दोन पानांत एक धातू : यूएसजीएसच्या खनिज आकडेवारीचे परीक्षण

श्रीमंत देशांची अर्थव्यवस्था वाढत राहते, पण धातूंचा वापर एका टप्प्यानंतर वाढायचा थांबतो, असे म्हटले जाते. अमेरिकेपुरती तरी याची शहानिशा स्वतः करू पाहणाऱ्यासाठी तेथील भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची, म्हणजे यूएसजीएसची, विनामूल्य आकडेवारी हे माझ्या मते सर्वांत सोयीचे साधन आहे.

दरवर्षी निघणाऱ्या 'मिनरल कमोडिटी समरीज'मध्ये बहुतेक खनिजांना प्रत्येकी दोनच पाने मिळतात. तांब्याच्या पानांवर पाच वर्षांचा तक्ता, भंगारातून आलेला वाटा, आयातीचे देश आणि अगदी शेवटी पर्यायांचा छोटा परिच्छेद असतो : वीजतारांत अ‍ॅल्युमिनियम, दूरसंचारात ऑप्टिकल फायबर, नळांत प्लास्टिक. वापर का थंडावतो, याचे निम्मे उत्तर या दोन-तीन ओळींतच आहे. काही रकान्यांत आकड्याऐवजी 'डब्ल्यू' हे अक्षर दिसते. कंपन्यांची गोपनीय माहिती उघड होऊ नये म्हणून तो आकडा राखून ठेवलेला असतो.

खरी मौज आहे ती जुन्या मालिकांत, कारण त्यांतील अनेक थेट 1900 पासून सुरू होतात. अमेरिकेचा पोलादाचा वापर आज वर्षाला साधारण 10 कोटी टनांच्या आसपास आहे, म्हणजे 1973 पेक्षा तो वाढलेला नाही, आणि दरम्यान महागाई वजा करूनही देशाचे उत्पन्न तिपटीहून अधिक झाले आहे. शुद्ध तांब्याचा वापर तर 2000 च्या सुमारास 30 लाख टनांवर होता, तो आता 20 लाखांच्याही खाली आला आहे.

इथे मात्र तळटीप वाचावी लागते. शुद्ध तांब्याचा हा 'वापर' मोजला जातो तो मुख्यतः तारेची सळई आणि पितळ बनवणाऱ्या कारखान्यांच्या दारात. त्यामुळे असा कारखाना परदेशी गेला, की आयात केलेल्या सळईतून देशात पूर्वीइतक्याच तारा ओढल्या जात असल्या तरी आकडा घसरतो. पोलादाचेही तसेच : आयात केलेल्या मोटारीतले पोलाद या हिशेबात येतच नाही. (उलट, निर्यात झालेल्या विमानातले अ‍ॅल्युमिनियम मात्र अमेरिकेच्याच खाती राहते.) ही व्याख्या चुकीची नाही, खाणी आणि कारखान्यांचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेला हीच हवी. राहणीमानाला किती धातू लागतो, हा प्रश्न तिच्याकडून सुटत नाही, एवढेच.

त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय संसाधन मंडळाची आकडेवारी सोबत उघडावी. ही आकडेवारी आयात वस्तूंमागचे खनिज त्या वस्तू वापरणाऱ्या देशाच्या नावावर मांडते, आणि 2015 मध्ये याच पद्धतीने झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात श्रीमंत देशांची वाढ आणि साधनसामग्रीचा वापर यांची फारकत (म्हणजे वापर न वाढता होणारी वाढ) वाटली होती त्यापेक्षा बरीच कमी भरली. मंडळाचे आकडे प्रारूपांतून काढलेले असल्याने ढोबळ असतात, आणि एकेका धातूचा बारकावा त्यांत शोधायला गेल्यास हाती फारसे लागत नाही. तिथे पुन्हा त्या दोन पानांकडेच यावे लागते.