मोस्तारचा जुना पूल आणि त्याचे संग्रहालय

बोस्निया-हर्झेगोविनातील मोस्तार गावी येणारे बहुतेक प्रवासी नेरेत्वा नदीवरील दगडी पुलाच्या माथ्यावर छायाचित्रे काढतात आणि बाजारात शिरतात. पलीकडच्या तारा बुरुजातील पुलाचे संग्रहालय न पाहणाऱ्याने पूल अर्धाच पाहिला, असे माझे मत आहे.

या बुरुजात पूर्वी दारूगोळा ठेवत. आता त्याच्या मजल्यांवर पुलाचा इतिहास मांडला आहे. जिना बराच चढा असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी बेताने चढावे. पण सर्वांत मोलाचा भाग वर नसून खाली आहे. पुलाच्या पायथ्याशी झालेल्या उत्खननात आधीच्या लाकडी पुलांचे अवशेष सापडले, आणि ते तेथेच पाहता येतात. साखळ्यांवर तोललेला तो लाकडी पूल इतका हेलकावे घेई की माणसे जीव मुठीत धरून नदी ओलांडत, असे जुने वृत्तांत सांगतात. म्हणूनच ऑटोमन सुलतान सुलेमानच्या आज्ञेवरून वास्तुविशारद मिमार हैरुद्दीनने १५५७ मध्ये काम हाती घेतले आणि १५६६ मध्ये सुमारे २९ मीटर लांबीची एकच कमान नदीवर उभी राहिली. पुलाचे राखणदार ते ‘मोस्तारी’, आणि गावाचे नावही त्यांच्यावरूनच पडले.

कमानीचे चिरे लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांत अडकवून सांध्यांत वितळलेले शिसे ओतले होते, हे कळल्यावर सिंधुदुर्गाच्या पायात ओतलेल्या शिशाची आठवण मराठी माणसाला झाल्यावाचून राहत नाही.

बोस्नियातील युद्धात ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांच्या माऱ्याने पूल नदीत कोसळला. हंगेरियन पाणबुड्यांनी चिरे वर काढले, परंतु ते पुन्हा बसवण्याजोगे उरले नव्हते. त्यामुळे ‘तेनेलिया’ नावाचा तोच स्थानिक चुनखडक नव्याने घडवून, जुन्याच पद्धतीने शिसे ओतून, कमान पुन्हा बांधली गेली आणि २३ जुलै २००४ रोजी पूल खुला झाला. पूल पडण्याची आणि पुन्हा उभा राहण्याची चित्रफीत येथे दाखवतात. ती पाहताना माझे डोळे भरून आले, आणि त्याहून अधिक, एकेक चिरा सांगाड्यावर बसवणाऱ्या गवंड्यांच्या हातांवरून नजर हटली नाही.

चित्रफीत शेवटी पाहावी आणि मग थेट नदीकाठी उतरून कमानीच्या पोटाकडे निरखून पाहावे.