व्हिडिओत चालणारा प्रोसेसर घेतला आणि ८७,७५० रुपये घालवले

हे लिहायला दोन महिने लावले कारण लाज वाटत होती. बारा वर्षं डेटाबेसचं काम करते, लोक मशीन घेताना मला विचारतात, आणि फसले मीच. पण परवा ओळखीतला एक मुलगा त्याच माणसाकडून प्रोसेसर घ्यायला निघाला होता, तेव्हा म्हटलं आता लिहायचंच.

कोल्हापूर भागातल्या एका दूध संघाच्या संकलनाचा हिशोब माझ्याकडे आहे. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक सभासदाचं लिटर, फॅट, एसएनएफ, आणि दर १० दिवसांनी बिल. पोस्टग्रेस या डेटाबेसमधला डेटा ३८० जीबीच्या पुढे गेलेला आणि जुन्या सर्व्हरला रॅम १२८ जीबी, त्यामुळे बिलाच्या रात्री सगळं डिस्कवरून वाचत बसायचा आणि पहाटे संकलन सुरू झालं तरी बिलं निघतच असायची. क्लाउडवर एवढ्या रॅमचं महिन्याचं भाडं मला झेपणारं नव्हतं. म्हणून स्वतःची मशीन बांधायची ठरवली, धाकटा भाऊ हे काम चांगलं करतो.

डेस्कटॉपचा बोर्ड १२८ जीबीलाच संपत होता. इंटेलचे जुने झिऑन प्रोसेसर बघितले, दोन सॉकेटवाले म्हणजे एका बोर्डवर दोन प्रोसेसर, पण एका सॉकेटला सहाच चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधल्या वाटा) आणि अर्धी रॅम कायम पलीकडच्या प्रोसेसरकडे, मोठ्या क्वेरीला ते जाणवतं. एएमडीच्या ईपिक या सर्व्हर प्रोसेसरला एकाच सॉकेटवर आठ चॅनेल. म्हणून सुपरमायक्रोचा एच१२एसएसएल-आय बोर्ड, आठ स्लॉट, चॅनेलला एक, ६४ जीबीच्या आठ म्हणजे ५१२ जीबी, आणि ईपिक ७५४२, ३२ कोर. ही निवड चुकलेली नव्हती, आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन. बोर्ड वेगळ्या दुकानातून पक्क्या बिलावर ६१,३०० ला घेतला, त्यात काही त्रास नाही.

प्रोसेसर आणि रॅम मात्र दिल्लीच्या एका डीलरकडून. प्रोसेसर ५४,००० आणि रॅम ११,२५० ची एक, आठ म्हणजे ९०,०००. कुरियर-इन्शुरन्सचे १,२०० धरून १,४५,२००. जीएसटीचं बिल पाहिजे तर १८ टक्के वर म्हणाला, म्हणजे जवळजवळ २६,००० जास्त. मी कच्च्या बिलावर घेतलं. हो, घेतलं. सेकंडहँड सर्व्हरच्या मालात निम्मा बाजार असाच चालतो आणि माझ्यासारख्या एकटीने काम करणाऱ्या बाईला २६,००० म्हणजे दीड महिन्याचं ऑफिसभाडं आणि ऑफिसातल्या मुलाचा पगार, त्यामुळे याबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये. आधी ४०,०००, मग माल निघायच्या आधी १,०५,२००, दोन्ही आयएमपीएसने. क्रेडिट कार्डने दिले असते तर बँकेकडे निदान वाद घालता आला असता. तो कार्ड घेत नाही म्हणाला तेव्हाच थांबायला हवं होतं.

पण खरं थांबायला हवं होतं ते व्हिडिओ बघताना. मी स्वतः मागितला होता, चालू करून दाखवा म्हणून. ४८ सेकंदांचा व्हिडिओ. टेबलावर उघडी मशीन, शेजारी चहाचा निळा कप, पंखे फुल स्पीडने फिरतायत, मग स्क्रीनवर एका मोठ्या सर्व्हर कंपनीचा लोगो, आणि मग प्रोसेसरचं नाव, ३२ कोर. मी कोर मोजले! नाव बघितलं, स्पीड बघितला, भावाला फॉरवर्ड केला, दोघांनी तीन-तीनदा बघितला. आणि तो लोगो मध्यभागी, एवढा मोठा, पाच-सहा सेकंद. तो मला काहीच बोलला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ईपिकमध्ये प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट म्हणून प्रकार असतो. काही मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसर पहिल्यांदा चालू झाला की त्या कंपनीच्या किल्लीची खूण प्रोसेसरच्या आतल्या फ्यूजमध्ये कायमची जळते. नंतर तो फक्त त्याच कंपनीने सही केलेल्या बायोसवर, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामवर, उठतो. काढता येत नाही, रिसेट नाही, काही नाही. भंगारात निघालेल्या सर्व्हरमधून काढलेले असे प्रोसेसर बाजारात येतात, वरून बघून काही कळत नाही. मी त्याला लेखी विचारलं होतं, लॉक तर नाही ना? "मॅडमजी एकदम अनलॉक पीस है, किसी भी बोर्ड में लगाओ." मेसेज आहे माझ्याकडे.

भावाने तीन स्क्रू नंबरप्रमाणे आवळले, एकच रॅम लावली, चालू केलं. पंखे फिरले, आयपीएमआय (मशीन दुरून सांभाळायची बोर्डावरची वेगळी सोय) नेटवर्कवर दिसायला लागलं, आणि स्क्रीन काळी. आयपीएमआय प्रोसेसरशिवायही चालतं, म्हणून आम्ही दोन दिवस बोर्डालाच दोष देत बसलो. शेवटी भाऊ तो प्रोसेसर घेऊन पुण्याला एका मित्राच्या लॅबमध्ये गेला, तिथे त्या लोगोवाल्या कंपनीचीच मशीन होती. टाकला आणि पाच मिनिटांत उठला. भावाचा फोन आला आणि मला तो लोगो आठवला, हातपायच गळाले. (चांगला प्रोसेसर टेस्ट करायला अशा मशीनमध्ये अजिबात टाकू नका, तोही बांधला जाऊ शकतो.)

रॅमचं तर नंतर कळलं. इथून बिलासकट ७१,९८० चा दुसरा प्रोसेसर घेतला, मशीन उठली, पण आठही रॅम लावल्या की बंद. स्टिकर नीट वाचलं. पाचांवर पीसी४-३२००एए-आर, तिघांवर पीसी४-२६६६व्ही-एल. आर म्हणजे आरडीआयएमएम, एल म्हणजे एलआरडीआयएमएम, सर्व्हरच्या रॅमचे दोन वेगळे प्रकार, दोन्ही एका बोर्डवर एकत्र चालत नाहीत. प्रकार सांगणारं शेवटचं एकच अक्षर, आणि त्याने फोटो पाठवले होते ते वरच्या दोन रॅमचेच. प्रत्येक रॅमच्या स्टिकरचा फोटो मागा, प्रत्येक. तीन रॅमचे ३३,७५० आणि प्रोसेसरचे ५४,०००, मिळून ८७,७५०.

डीलरने माझा नंबर ब्लॉक केला. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पैसे जाऊन २३ दिवस झाले होते, त्यांनी तक्रार नंबर दिला आणि तो आजही "प्रक्रियेत" आहे. पोलीस ठाण्यात गेले तर सायबरकडे जा, सायबरला गेले तर तुमच्या ठाण्यात द्या. तिथे साहेब म्हणाले, "मॅडम, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, वस्तू पण मिळाली, मग फसवणूक कुठे? दिवाणी आहे हे." मी मेसेज दाखवला, लॉक आहे हे माहीत असून अनलॉक म्हणून विकणं म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ची फसवणूकच की, तर म्हणे दिल्लीचं प्रकरण आहे. अहो मग झिरो एफआयआर कशासाठी आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो नोंदवा असंच लिहिलंय ना! अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर शिक्का संपलाय. शिक्का! चार चकरा, प्रत्येक वेळी अर्धा दिवस, आणि दर वेळी नव्या माणसाला प्रोसेसर म्हणजे काय इथपासून सांगायचं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर उत्तर मिळालं की खरेदी व्यावसायिक आहे, तुम्ही ग्राहक नाही. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे, तेही मलाच वाचून दाखवावं लागलं. आता जिल्हा आयोगात अर्ज टाकलाय.

आणि त्या कच्च्या बिलावरचा जीएसटी नंबर? पोर्टलवर टाकून बघितला, कापडाच्या दुकानाचा निघाला. दोन मिनिटांचं काम होतं, पैसे पाठवायच्या आधी करायला हवं होतं. लॉक नसल्याची हमी आणि सात दिवसांत परत घेण्याची अट बिलावरच लिहून घ्या, मेसेजवर नको. व्हिडिओ मागाल तर सुट्या बोर्डवरचा मागा, कंपनीच्या सर्व्हरमधला नको.

त्या मुलाला आलेला व्हिडिओ मी बघितला. ४८ सेकंद, उघडी मशीन, तोच निळा कप, तोच लोगो. फोन नंबर वेगळा, आणि भाव आता ५१,०००.