टॉर्चचा खेळ बघून सिरॅमिक फायबर घेऊ नका

घरी मातीकामाची भट्टी बांधू पाहणाऱ्या कोल्हापूरकडच्या मंडळींनी हे वाचाच. 200 लिटरच्या बॅरलला आतून 25 मिमीचे दोन थर लावून गॅसवरची छोटी भट्टी करायची होती. '1260 ग्रेड, 128 डेन्सिटी' (म्हणजे 1260 अंश सेल्सिअसचा ग्रेड, घनमीटरला 128 किलो वजन) असं सांगून एका विक्रेत्याने मला सिरॅमिक फायबर ब्लँकेटचा, म्हणजे भट्टीची उष्णता अडवणाऱ्या लोकरीसारख्या जाड चादरीचा, रोल विकला.

माणूस बोलायला गोड. टेबलाखालून वीतभर तुकडा काढला, एका बाजूने गॅस टॉर्च मारला, दुसऱ्या बाजूला स्वतःचा तळहात टेकवला. तुकडा लालबुंद झाला आणि टॉर्च हटवताच परत पांढरा. "बघा की, चटका तरी बसतोय काय? 1260 पर्यंत बिनधास्त तापवा!"

तो तुकडा अस्सलच होता. रोलचे वरचे वेढेही अस्सल. आत मात्र पांढरी ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) गुंडाळलेली. पहिल्याच बिस्किट फायरिंगला (कच्च्या मडक्यांची पहिली भाजणी) पायरोमीटर (भट्टीचा तापमापक) 700 अंशांच्या पुढे सरकला आणि बॅरलच्या बाहेरचा रंग फुगून पापुद्रे सुटू लागले. गॅस बंद केला. गार झाल्यावर बघतो तर अर्ध्या भागातलं अस्तर काकवीसारखं ओघळून गोठलेलं, मडक्यांच्या कडांना काचेचे मणी चिकटलेले.

जाब विचारला, तर म्हणे "तुम्ही जास्त तापवलं असणार." हातात फक्त 'एस्टिमेट'ची चिठ्ठी, तिच्यावर 'इन्सुलेशन मटेरियल' एवढंच. भांडायचं तरी कशाच्या जोरावर?

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या भट्ट्यांना अस्तर लावणाऱ्या एका मिस्त्रींनी मग खरी मेख सांगितली: रोल काट्यावर ठेवा. 7.62 मीटर लांब, 610 मिमी रुंद, 25 मिमी जाड आणि 128 डेन्सिटी म्हणजे वजन 15 किलोच्या आसपास यायलाच हवं. 96 डेन्सिटीचा 11 किलोच्या जवळपास भरतो. माझ्या रोलमधला उरलेला माल उचलूनच ते हसले.

तुकडा जाळून बघायचा तर रोलच्या अगदी आतल्या टोकाचा, तोही आपण कापलेला. ग्लासवूल ज्योतीत आक्रसून मणी धरते. हाताने ओढलं तरी कळतं: ब्लँकेट सुयांनी गुंफलेलं असल्याने चिवट लागतं, ग्लासवूलचे पदर सहज सुटतात.

आणि ते 1260 म्हणजे रोज तापवायचं तापमान नव्हे, ते वर्गीकरण आहे. सतत वापराची मर्यादा त्याच्या बरीच खाली असते. बिस्किट किंवा राकूला (कमी तापमानाची झटपट भाजणी) हा ग्रेड पुरतो. 1250 अंशांच्या आसपास स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजलेली टणक भांडी) भाजणार असाल तर आतला थर 1425 ग्रेडचा घ्या. पक्क्या जीएसटी बिलावर ग्रेड, डेन्सिटी, जाडी लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका.

अस्तर लावताना आणि विशेषतः जुनं काढताना साधा रुमाल चालत नाही, धुळीचा चांगला मास्क लागतो. तापलेल्या फायबरची धूळ फुप्फुसाला जास्त वाईट. काढण्याआधी पाणी फवारून ओलं करा.