चष्मा न काढता काढलेला फोटो

वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त त्यांचा मोठ्या आकारात छापता येईल असा एक चांगला फोटो काढून घ्यावा, असे आम्ही भावंडांनी ठरवले, तेव्हा खरी अडचण त्यांच्या चष्म्याची होती. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी काढलेल्या फोटोत त्यांच्या दोन्ही काचांवर दिव्याची पांढरी चकाकी अशी पसरली होती की डोळे दिसतच नव्हते, आणि तक्रार केल्यावर "चष्मा काढून परत बसा" एवढेच उत्तर मिळाले होते. वडील कॉलेजात असल्यापासून चष्मा लावतात. तो काढला की नाकावरचे दोन वळ आणि बारीक केलेले डोळे तेवढे उरतात, आणि तो चेहरा घरातल्या कुणालाच ओळखीचा वाटत नाही. म्हणूनच या स्टुडिओत फोन केला तेव्हा मी पहिला प्रश्न चष्म्याचा विचारला. "काका चष्मा लावूनच बसतील, फक्त तासभर वेळ हाताशी ठेवून या," असे उत्तर मिळाले.

छायाचित्रकारांनी पहिला अर्धा तास एकही फोटो काढला नाही. त्यांनी वडिलांना स्टुलावर बसवले, दिवा चालू ठेवला आणि कॅमेऱ्याच्या जागी स्वतः उभे राहून ते केवळ काचांकडे पाहत राहिले. सॉफ्टबॉक्सचा, म्हणजे दिव्यावर पांढरे कापड लावून उजेड मऊ करणाऱ्या पेटीचा, पांढरा चौकोन सुरुवातीला दोन्ही काचांच्या मधोमध होता. मदतनीस स्टँड हळूहळू वर चढवत गेला, तसतसा तो चौकोन भुवयांच्या दिशेने सरकत गेला आणि शेवटी फ्रेमच्या वरच्या कडेआड नाहीसा झाला. प्रकाश ज्या कोनात काचेवर पडतो त्याच कोनात परततो, हे शाळेत सगळेच शिकतात, पण ते असे डोळ्यांसमोर घडताना मी प्रथमच पाहिले. मग "काका, हनुवटी थोडी खाली घ्या," असे सांगून त्यांनी चेहरा दिव्याकडे न वळवता उलट दिव्यापासून किंचित दूर वळवला, आणि चष्म्याच्या काड्या कानांवरून जेमतेम अर्धा सेंटिमीटर उचलल्या, जेणेकरून काचा जमिनीकडे थोड्या कलतील. समोरून पाहताना हा फरक लक्षातही येत नाही.

दिवा इतका उंच नेला की भुवयांची आणि फ्रेमची सावली डोळ्यांवर पडते, हेही त्यांनी आधीच ओळखले होते. त्यासाठी, खालून उजेड परतून डोळ्यांवर यावा म्हणून, वडिलांच्या मांडीसमोर थर्माकोलचा पांढरा तुकडा धरण्यात आला. मात्र तोच काचेच्या खालच्या कडेला दिसू लागला, तेव्हा तो पुन्हा खाली घ्यावा लागला. वडिलांच्या काचा जुन्या पद्धतीच्या, चकाकी कमी करणारे कोटिंग नसलेल्या आणि प्लस नंबरामुळे बाहेरून फुगीर आहेत. अशी काच बहिर्गोल आरशासारखी खोलीचा फार मोठा भाग स्वतःत पकडते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. चांगल्या कोटिंगने हे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली येते, आणि तसा चष्मा असता तर हे काम निम्म्या वेळात झाले असते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तरीही खबरदारी म्हणून त्याच बैठकीत, त्याच उजेडात, चष्मा काढून एक फोटो घेतला गेला, म्हणजे काचेवर काही राहिलेच तर संगणकावर त्यातले डोळे वापरता यावेत. त्याची गरज पडली नाही.

कुटुंबाच्या एकत्रित फोटोबाबत मात्र मी तितका समाधानी नाही. सात जणांपैकी चौघांना चष्मा, प्रत्येकाची उंची आणि मानेचा कल वेगळा, त्यामुळे एका दिव्याची जागा सर्वांना मानवणे कठीण होते हे मला मान्य आहे. पण बहिणीच्या ब्लू-कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या, काचांवरची निळसर झाक तेथेच कुणाच्या तरी लक्षात यायला हवी होती. आम्ही सांगितल्यावर ती संगणकावर विनामूल्य पुसून देण्यात आली खरी, तथापि त्या जागेची खालची पापणी आता पुसट झाली आहे, आणि ते जवळून पाहिल्यास कळते.

अमेरिकेच्या व्हिसासाठी नोव्हेंबर २०१६पासून, वैद्यकीय अपवाद वगळता, चष्मा काढूनच फोटो द्यावा लागतो. तशा कामासाठी एवढा खटाटोप अर्थातच नको. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोटो काढायचा असेल, तर मी निःशंकपणे येथेच जायला सांगेन. वेळ ठरवतानाच चष्म्याचा उल्लेख करावा, काचा घरून स्वच्छ पुसून न्याव्यात, आणि उजेडात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर आत आल्यावर त्या निवळेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी.

छापील प्रत आठ दिवसांनी मिळाली. तीत वडिलांच्या दोन्ही बुबुळांत दिव्याचा एकेक बारीक ठिपका आहे, काचा स्वच्छ आहेत, आणि डोळ्यांखाली बायफोकलची चंद्रकोर स्पष्ट दिसते. ती पुसायची का, असे छायाचित्रकारांनी विचारले होते. वडिलांनी ती राहू द्यायला सांगितली.