भगव्याचं गुटी कलम, अडीच वर्षांनी लिहितेय

रिव्ह्यू लिहायला मुद्दाम एवढी थांबले, कारण डाळिंबाचं रोप घरी आणल्यावर आठवड्यात काहीच कळत नाही, हिरवंगार तर सगळंच दिसतं. या नर्सरीतून भगवा या डाळिंबाच्या जातीचं गुटी कलम (म्हणजे झाडाच्याच फांदीची साल गोल काढून तिथे मुळ्या फोडून केलेलं रोप) जुलै 2022 मध्ये घेतलं, दीडशे रुपयांना, आणि जानेवारी 2025 मध्ये पहिली फळं खाल्ली, आता बोलायला हरकत नाही.

आधी दुसरीकडे फसलेय. तिथे सत्तर रुपयांत "गणेश, कलम आहे" म्हणून या दुसऱ्या जातीचं एक रोप दिलं, चार वर्षं त्याला जीव लावला, खत पाणी छाटणी सगळं केलं आणि फळ आलं ते लिंबाएवढं आणि इतकं आंबट की मुलांनी एक दाणा खाऊन ताट सरकवलं. झाड काढताना बघितलं तर खाली एकच जाड सोटमूळ, म्हणजे बियांचं रोप होतं ते, कलम नव्हतंच. डाळिंबाच्या बीपासून आलेलं झाड आईसारखंच निघेल असं नसतं, म्हणून तर गुटी बांधतात.

इथे मात्र मी विचारायच्या आधीच तिथल्या दादांनी "ताई, मुळ्या बघून घ्या" म्हणत पिशवीची एक बाजू ब्लेडने चिरून दाखवली. बोटभर जाड फांदी, आणि जिथे साल गोल काढून गुटी बांधली होती तिथून चारी बाजूंनी पांढऱ्या मुळ्या सुटलेल्या, त्यांचे जुने भाग तपकिरी झालेले, पण कुठेही पिशवीच्या तळाशी वेटोळी झालेली नव्हती. मग म्हणाले पान उन्हात धरून बघा, पाण्यात भिजल्यासारखा तेलकट ठिपका दिसला तर ते रोप घेऊच नका, माझ्याकडचं असलं तरी. हे ऐकून माझ्या सासूबाई एकदम सरसावून पुढे आल्या, कारण त्या सटाण्याच्या, त्यांच्या माहेरी याच ठिपक्यांच्या तेल्या रोगाने बाग उपटून टाकावी लागली होती, आणि कसमादेत (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हा पट्टा) अशी बरीच घरं आहेत. तेल्या रोपाबरोबरही येतो, म्हणून मातृवृक्ष, म्हणजे ज्या झाडावर गुटी बांधली ते झाड, निरोगी पाहिजे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. दादांनी न चिडता उत्तरं दिली, मला ते फार आवडलं.

आता जमिनीबद्दल. आमच्या इंदिरानगरच्या अंगणात काळी माती, पावसाळ्यात पाणी साचतं, आणि डाळिंबाला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, मर रोग लागला की झाड पिवळं पडून वाळतं आणि मग हातात काही राहत नाही. दादांनी सांगितलं तसा दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घेतला, निम्मा मुरूम टाकला, शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी), आणि झाड खड्ड्यात न लावता मातीच्या चांगल्या फूटभर उंच गादीवर लावलं. एवढ्या एका सल्ल्यासाठीच मी चार स्टार देते. त्या पावसाळ्यात शेजारच्या कुंपणाला लागून तळं झालं होतं पण झाडाच्या बुडाशी पाणी थांबलं नाही.

पहिलं दीड वर्ष आलेली फुलं तोडून टाकायची असं सांगितलं होतं आणि खरं सांगते, ते फार जीवावर आलं. तीन खोडं ठेवली, बाकी बुडातले फुटवे दर महिन्याला काढले. मग जून 2024 मध्ये मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरू दिला. फुलांबद्दल एक सांगते, सगळ्यांना फळ लागत नाही, बुडाशी फुगीर, घागरीसारखी असतात त्यांना लागतं आणि निमुळत्या बुडाची, घंटीसारखी असतात ती नर फुलं, गळून पडतात. पहिल्यांदा ढीगभर फुलं खाली पडलेली बघून मी घाबरून फोन केला होता, तेव्हा हे समजलं.

चौदा फळं टिकली होती. त्यातल्या एकाला अळीने भोक पाडलं, बाकीच्यांना मग कागदी पिशव्या बांधल्या, लिंबाएवढी झाली की लगेच बांधा, उशीर नको. दिवाळीत आम्ही सहा दिवस गावाला गेलो, पाणी कुणी दिलं नाही, परत आल्यावर मी काळजीने पाईप लावून भरपूर पाणी सोडलं आणि तीन दिवसांत दोन फळं तडकली. चूक माझी, झाडाची नाही. पाण्यात खंड पडून एकदम पाणी मिळालं की साल तग धरत नाही. आता ड्रिप आणि टायमर बसवलाय. पावसाळ्यात मोरचूद आणि कळीचा चुना, दोन्ही दहा दहा ग्रॅम एक लिटर पाण्याला, असं बोर्डो नावाचं बुरशीनाशक मिश्रण स्वतः करून फवारलं, प्लास्टिकच्या बादलीत, आणि त्याच दिवशी संपवलं.

उरलेली अकरा. तोडायला सासूबाईंनी घाई करू दिली नाही, फळाच्या डोक्यावरचा मुकुट आत मिटायला लागला आणि गोल फळाला कोपरे आल्यासारखे वाटले तेव्हा त्यांनी बोटाने टकटक करून "आता तोड" म्हटलं. कापल्यावर दाणे गडद लाल, बी मऊ, आणि सासूबाईंनी पहिली मूठ तोंडात टाकून डोळे मिटले, काहीच बोलल्या नाहीत.

तक्रार पण लिहिते. टेम्पोने घरपोच पाठवतो म्हणाले ते दोन दिवस उशिरा आलं आणि सोबत आलेल्या दुसऱ्या कलमाची पिशवी फुटलेली होती, ती मात्र फोटो पाठवल्यावर बदलून दिली. काउंटरवर फळवाढीचं टॉनिक घ्यायचा आग्रह करतात, चारशे रुपयांची बाटली, मी घेतली आणि मला तरी काही फरक दिसला नाही, घरच्या अंगणात एका झाडाला शेणखत आणि वेळेवर पाणी पुरतं. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागून घ्या.

कुंडीत लावायचं असेल तर किमान वीस इंची कुंडी घ्या आणि सहा तास ऊन येणारी जागा आधी बघा, सावलीत फुलंच येत नाहीत. रविवारी गर्दीत पिशवी चिरून दाखवायला कुणाला वेळ नसतो, मधल्या वारी सकाळी जा.