अमेरिकेत कोणत्या मंडळीत नाव नोंदवायचं?

नगर-पुण्याकडचं ख्रिस्ती कुटुंब अमेरिकेत आलं की घर, शाळा यांच्या पाठोपाठ मंडळीचा शोध सुरू होतो. जुन्या मेनलाइन चर्चेसमध्ये (म्हणजे मेथडिस्ट, लुथरन, प्रेस्बिटेरियन अशा जुन्या प्रस्थापित प्रोटेस्टंट पंथांत) आपली राजकीय मतं घुसमटणार तर नाहीत ना, हे आधी पाहण्यात काही गैर नाही.

मात्र पुलपिट एकीकडे आणि बाकं दुसरीकडे, हे इथे फार दिसतं. पीआरआरआय या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेच्या 2022-23 च्या पाहणीत जवळपास निम्मे मेनलाइन पाळक स्वतःला डेमोक्रॅट म्हणाले. रिपब्लिकन फक्त 14 टक्के. समोर बसणाऱ्या गोऱ्या सभासदांत मात्र रिपब्लिकनच जास्त. म्हणून सिनडचे, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ सभेचे, ठराव वाचून मंडळी ठरवू नका.

सर्वांत डावीकडे युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट. प्यू या संशोधन संस्थेच्या 2014 च्या पाहणीत तिथले 58 टक्के सभासद डेमोक्रॅटिक बाजूचे, 31 टक्के रिपब्लिकन. समलिंगी विवाहाला या चर्चने 2005 मध्येच पाठिंबा दिला. आपलं तिच्याशी जुनं नातं आहे: 1831 पासून नगरला काम करणारं अमेरिकन मराठी मिशन ज्या काँग्रिगेशनल परंपरेतून आलं, तिचीच ही वारस. तरीही आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना इथे परकं वाटू शकतं, हे मनात धरूनच जा.

युनायटेड मेथडिस्टांचं चित्र त्याच पाहणीत उलटं होतं: 54 टक्के रिपब्लिकन, 35 टक्के डेमोक्रॅटिक. धाकटे बुश आणि हिलरी क्लिंटन, दोघेही मेथडिस्टच! पण 2019 ते 2023 मध्ये साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या बाहेर पडल्या, बहुतेक सनातनी विचारांच्या. 2024 मध्ये समलिंगी पाळकांवरची बंदीही उठली. तेव्हा जुन्या आकड्यांवर विसंबू नका. 'तुमच्या मंडळीत बाहेर पडण्यावर मतदान झालं होतं का?' असं पाळकांना सरळ विचारा. उत्तर कसं देतात, त्यावरून पुष्कळ कळतं.

प्रार्थनापुस्तकातली उपासना हवी असेल तर एपिस्कोपल चर्च. 2014 च्या त्याच पाहणीत कल थोडा डेमोक्रॅटिक होता, 49 टक्के विरुद्ध 39.

प्रेस्बिटेरियन (यूएसए) आणि ईएलसीए (इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका) तेव्हा जवळजवळ समसमान होते: डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन 47-44 आणि 47-43 टक्के. घरात नवरा-बायकोचीच मतं वेगळी असतील, तर मी आधी या दोघांकडेच पाठवेन. सलग तीन रविवार जा आणि उपासनेनंतर कॉफीला थांबा.