सेन्सो-जीच्या दारातले खोटे भिक्षू

तोक्योत असाकुसाच्या सेन्सो-जी मंदिराला जाताय? कामिनारीमोन दरवाजाच्या आसपास, किंवा उएनो पार्कात, मुंडन केलेला, भिक्षूच्या वेशातला एखादा माणूस हसत समोर येईल. तो तुमच्या हातात सोनेरी चकचकीत कार्ड ठेवतो. एका बाजूला बुद्धाचं चित्र, दुसरीकडे ‘वर्क स्मूदली, लाइफटाइम पीस’ असं मोडकंतोडकं इंग्रजी. पाठोपाठ मनगटात मण्यांची माळ. तुम्ही नमस्कार करेपर्यंत वही उघडलेली असते: नाव, देश, रक्कम. आधीच्या ओळींत 3000, 5000 येन लिहिलेले. ती वहीच खरा सापळा, कारण इतरांचे आकडे पाहून 500 येन काढायला आपल्यालाच लाज वाटते. कमी दिलेत तर बोट पुन्हा त्या आकड्यांवर. नाही म्हणालात तर कार्ड आणि माळ हिसकावून घेतली जाते.

आपल्याकडचे, विशेषतः श्रद्धेने जाणारे बौद्ध प्रवासी यात सहज अडकतात. चीवर दिसलं की हात आपोआप जोडले जातात, आणि त्या श्रद्धेचा असा बाजार मांडलेला पाहून संताप येतो.

जपानमधला खरा भिक्षू भिक्षेला उभा राहतो तेव्हा एका जागी स्थिर असतो: डोक्यावर गवती टोपी, हातात पात्र, ओठांवर मंत्र. तो मागे येत नाही, वस्तू विकत नाही, रक्कम तर सांगतच नाही. दान करायचंय तर मुख्य मंडपासमोरच्या दानपेटीत नाणं टाका. ताईत हवा असेल तर मंदिराच्याच काउंटरवर घ्या, तिथे किंमत लिहिलेली असते.

प्रवेशाचंही आधी पाहून ठेवा. सेन्सो-जी, क्योतोचं फुशिमी इनारी आणि अराशियामाची बांबूची वाट, तिन्ही ठिकाणी प्रवेश फुकट. नुसत्या ‘एंट्री तिकिटा’चे पैसे कुणी ऑनलाइन मागत असेल तर देऊ नका. गाइडचे पैसे वेगळे, ते तसे स्पष्ट लिहिलेले असावेत.

हातात काही ठेवू लागला तर मुठी मिटा, मान हलवा आणि थांबू नका; माळ एकदा मनगटात गेली की सुटणं अवघड. अंगचटीला आला तर सरळ जवळच्या कोबानकडे, म्हणजे पोलीस चौकीकडे चालू लागा. फोनवर पोलिसांचा नंबर 110.